नाव तुमचं, लोगो तुमचा, मग जबाबदारी कोणाची? स्कूबा शिकवणाऱ्या एजन्सींना मालवणहून खुलं पत्र

प्रति,
पॅडी, एसएसआय, सीमासशी जोडलेल्या संस्था आणि भारतात स्कूबाचे कोर्स विकणाऱ्या बाकी सगळ्या ट्रेनिंग एजन्सी

नमस्कार,

मी मालवणची. आमच्या घरात आजोबांपासून रापणीची मासेमारी, आई अजून बाजारात मासे विकायला बसते, आणि मी गेली नऊ वर्षं इथे डाइव्हमास्टर म्हणून, म्हणजे स्कूबा करणाऱ्यांना पाण्याखाली सांभाळून नेण्याचं, काम करते. तुमच्यापैकीच एका एजन्सीची मेंबर आहे, दरवर्षी रिन्यूअलचे पैसे भरते, सीझनभर तुमच्या लोगोचा टीशर्ट घालून बोटीवर उभी असते. कुठली एजन्सी ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एकीशी भांडायचं नाहीये, मी जे सांगतेय ते कमीजास्त सगळ्यांनाच लागू आहे. आणि पत्र खुलं लिहितेय कारण बंद पत्रं दोन लिहून झाली.

काय झालं ते आधी सांगते. या जानेवारीत माझा मावसभाऊ कोल्हापूरहून मित्रांबरोबर आला. मला न सांगता आला, म्हणाला होता मालवणात पोचल्यावर एकदम फोन करू, आणि मी त्या दिवशी दुसऱ्या बोटीवर होते. रस्त्याकडेच्या एका स्टॉलवर त्यांनी बोर्ड बघितला, स्कूबा पॅरासेलिंग बनाना राईड कॉम्बो, फोटो व्हिडिओ फ्री, आणि कोपऱ्यात तुमच्यातल्या एका एजन्सीचा लोगो, चांगला मोठा. त्याने मोबाईलवर ते नाव टाकून बघितलं, जगभर सेंटर आहेत, लाखो लोक शिकलेत, मग म्हटला इथे भीती नाही, आणि पैसे भरले. त्याला लहानपणापासून दमा आहे, पंप कायम खिशात असतो. बोटीवर एक इंग्रजी कागद फिरला, सगळ्यांनी खाली सह्या केल्या, कोणी वाचला नाही आणि कोणी वाचूनही दाखवला नाही. कान कसे मोकळे करायचे ते एका वाक्यात सांगितलं, तेही इंजिन चालू असताना. चारेक मीटर खाली गेल्यावर कानात इतकं दुखायला लागलं की त्याने रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा ज्यातून घेतात तो तोंडातला भाग, काढून ओरडायचा प्रयत्न केला. ज्या मुलाने त्याला धरलं होतं त्याने क्षणात रेग्युलेटर परत तोंडात दाबला आणि हळूहळू वर आणलं. त्या मुलामुळे माझा भाऊ आज आहे, हे मी कधी विसरणार नाही, आणि हे पत्र त्या मुलाविरुद्ध नाहीये हेही इथेच सांगून ठेवते. डाव्या कानाचा पडदा फाटला. तीन महिने उपचार चालले.

मी ज्या एजन्सीचा लोगो होता तिला मेल केला, बोर्डाचा फोटो जोडून. अकरा दिवसांनी उत्तर आलं. तो ऑपरेटर आमचा मेंबर नाही त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही, तुमच्या भावाला लवकर बरं वाटो, आणि खाली ओपन वॉटर, म्हणजे डायव्हर व्हायच्या पहिल्या पूर्ण कोर्सवर सूट चालू आहे त्याची लिंक. मी परत लिहिलं की मेंबर नाही तर तुमचा लोगो तिथे कसा, तो तरी काढायला लावा. त्याला उत्तरच नाही. बोर्ड तसाच आहे, परवाच बघून आले.

आईला हे सगळं सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "त्या बोर्डार नाव कोणाचा आसा? मगे तेंकाच इचार." म्हणून विचारतेय.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एजन्सी म्हणजे काय हेच माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगते. स्कूबा शिकवणारं सेंटर वेगळं आणि एजन्सी वेगळी. एजन्सी अभ्यासक्रम बनवते, नियम ठरवते, इन्स्ट्रक्टर तयार करते आणि तुमच्या नावाचं कार्ड देते, प्रत्यक्ष पाण्यात नेतं ते सेंटर. ब्रिटनमध्ये बीएसॅक १९५३ पासून आहे, सीमास १९५९ ची, तिचे पहिले अध्यक्ष जाक कुस्तो. पॅडी १९६६ ला अमेरिकेत दोन माणसांनी काढली, जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन, त्यातला एक डायव्हिंगचं सामान विकायचा आणि दुसरा पोहायला शिकवायचा. मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा फार आवडली होती, कारण या धंद्यात दोन्ही माणसं लागतातच, विकणारा नसेल तर शिकायला कोणी येणार नाही. कार्डावर डायव्हरचा फोटो लावायची कल्पनाही पॅडीचीच. साधी वाटते, पण त्यामुळे ते कार्ड ओळखपत्रासारखं झालं, अंदमानात घेतलेलं कार्ड इजिप्तमध्ये दाखवलं की टाकी मिळते. म्हणजे तुमचं सगळं भांडवल हा विश्वासच आहे. टाक्या तुमच्या नाहीत, बोटी तुमच्या नाहीत, समुद्र तर नाहीच नाही. तुम्ही विकता ते नाव, आणि त्या नावाला माझ्या किनाऱ्यावर काय झालंय ते तुम्ही बघायला हवं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी, तुमच्या जाहिरातीतलं वाक्य आणि तुमच्या फॉर्ममधलं वाक्य एकमेकांशी जुळत नाही. जाहिरातीत तुम्ही म्हणता आमच्याकडे शिका, जग आमच्याकडे शिकतं, आमचे स्टँडर्ड सगळीकडे सारखे. आणि कोर्सच्या आधी जो कागद सही करायला येतो तो वाचा. पॅडीच्या फॉर्मवर सरळ छापलेलं असतं की मेंबर हे पॅडीचे एजंट नाहीत, नोकर नाहीत, फ्रँचायझी नाहीत, स्टँडर्ड आम्ही ठरवतो पण त्यांचा धंदा ते कसा चालवतात आणि रोज पाण्यात लोकांना कसं सांभाळतात त्याला आम्ही जबाबदार नाही आणि त्यावर ताबा ठेवायचा आम्हाला अधिकारही नाही. मी डाइव्हमास्टर झाले तेव्हा पहिल्यांदा हा कागद नीट वाचला, तोवर मी स्वतः चार ठिकाणी सही करून मोकळी झाले होते. वकील म्हणतील हे कायद्याने बरोबर आहे, असेल. पण मग हेच वाक्य जाहिरातीत, लोगोच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात का नसतं? ज्याच्या भरवशावर गिऱ्हाईक पैसे टाकतं ते नाव, आणि काही झालं की तेच नाव म्हणतं आमचा संबंध नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि एकतर्फी करार दोन्हींवर तरतूद आहे, पहिल्या वेळीच १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्हाला कायद्याची भीती घालायला हे लिहीत नाही, या देशात ग्राहकाला असं वाऱ्यावर सोडता येत नाही एवढं लक्षात असू द्या म्हणून लिहितेय.

आणि हे फक्त मालवणात होतं, गरीब देशात होतं, असंही कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मोंटानाच्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅकडोनाल्डमध्ये १८ वर्षांची एक मुलगी ट्रेनिंगच्या डाइव्हवर गेली आणि परत आली नाही. अंगात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट, होता पण त्या सूटमध्ये हवा सोडणारी नळीच जोडलेली नव्हती, आणि खाली जायला अंगावर लावलेली वजनं पटकन टाकता येणार नाहीत अशी होती. जसजशी खाली गेली तसतसा सूट अंगावर आवळत गेला. घरच्यांनी सेंटर आणि इन्स्ट्रक्टरबरोबर पॅडीलाही कोर्टात खेचलं. मी ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तिच्या जागी मला आमच्या बोटीवर येणाऱ्या मुली दिसत होत्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या, कॉलेजच्या ग्रुपमध्ये आलेल्या, इन्स्ट्रक्टर जे सांगेल ते ऐकणाऱ्या.

दुसरी तक्रार स्टारची. सेंटरच्या दारावर लिहिलेलं असतं फाइव्ह स्टार. आमच्याकडे येणारा माणूस काय समजतो? हॉटेलसारखं, किंवा गुगलवर लोकांनी दिलेले पाच स्टार. खरं म्हणजे ती तुमची मेंबरशिपची पातळी असते, सेंटर काय काय कोर्स देतं, तुमचा कार्यक्रम किती राबवतं यावर ठरणारी. एसएसआयमध्ये तसंच डायमंड असतं. त्यात ग्राहकांचं मत किती आणि सुरक्षिततेची तपासणी किती, हे दारावर उभ्या असलेल्या माणसाला कळायचा काही मार्ग नाही. आणि खऱ्या रिव्ह्यूचं काय, तर ते बोटीवरच मागतात. माणूस पाण्यातून वर आलेला असतो, आयुष्यात पहिल्यांदा मासे जवळून बघितलेले असतात, डोळे चमकत असतात, व्हिडिओ हातात द्यायच्या आधी म्हणतात सर आधी पाच स्टार द्या मग व्हिडिओ पाठवतो. अशा वेळी कोण तीन देणार. माझ्या भावाच्या मित्रांनीही पाच दिले होते, तो आत कान धरून बसलेला असताना.

कोर्सच्या बाबतीत आणखी एक, सेल्सवाले एकमेकांच्या एजन्सीबद्दल जे बोलतात ते बंद करा. अमुकचंच कार्ड जगात चालतं, तमुकचं कोणी विचारत नाही, हे मी स्वतःच्या कानाने रोज ऐकते. स्वतः पाण्यात जाऊ शकणाऱ्या डायव्हरसाठी आयएसओ २४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग आहे आणि मोठ्या एजन्सींचा ओपन वॉटर त्यातच बसतो, खोली १८-२० मीटरच्या आसपास. फरक शिकवणाऱ्या माणसात असतो. हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या इन्स्ट्रक्टरना माहीत आहे, फक्त पैसे भरणाऱ्याला सांगितलं जात नाही.

तिसरी गोष्ट, ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता एकदा घेतलेला अनुभव, आणि ट्रेनिंग यातली रेषाच पुसून टाकलीय. पॅडी त्याला डिस्कव्हर स्कूबा म्हणते, एसएसआय ट्राय स्कूबा. चांगला प्रकार आहे, मीसुद्धा तसाच सुरू केला. पॅडीच्या नियमात किमान वय १०, खोली १२ मीटरच्या आत, खुल्या पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण, आणि आधी माहिती, मेडिकल फॉर्म, सोप्या पाण्यात सराव. मालवणात किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला जे कॉम्बोमध्ये विकलं जातं त्यात यातलं बरंचसं नसतं, वर आल्यावर सर्टिफिकेट म्हणून एक रंगीत कागद मिळतो आणि माणूस घरी जाऊन सांगतो मी सर्टिफाइड डायव्हर आहे. गेल्या वर्षी सांगलीचे एक काका आमच्याकडे आले, तो कागद लॅमिनेट केलेला, म्हणाले मला डायरेक्ट कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला न्या, माझं झालंय. त्यांना समजावताना मला फार वाईट वाटलं, कारण ते खोटं बोलत नव्हते, त्यांना कोणीतरी तसंच सांगितलं होतं.

त्यात उथळ आहे म्हणून काही होत नाही हा समज. हा समज तुमच्या जाहिरातींनीही वाढवलाय, अनुभव नको, पोहता आलं नाही तरी चालेल, फक्त श्वास घ्या. वरून पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणजे कानाला सगळ्यात जास्त त्रास याच टप्प्यात. आणि टाकीतली हवा छातीत भरून श्वास रोखून माणूस घाबरून वर उसळला तर एक-दोन मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. "श्वास कधीच रोखायचा नाही" हे वाक्य तुमच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या धड्यात आहे. मग ते प्रत्येक बोर्डावर मराठीत का नाही?

चौथी तक्रार तुमच्या मेंबरांबद्दल, म्हणजे इथे तुम्हाला आमचा मेंबर नाही असं म्हणता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी महाराष्ट्राबाहेर एका सेंटरवर सीझनपुरती कामाला होते. तिथे ओपन वॉटरचे चार डाइव्ह दीड दिवसात उरकायचे. २०० मीटर पोहण्याची टेस्ट कागदावर व्हायची. एका मुलीला मास्क काढून परत घालून पाणी बाहेर काढायला जमत नव्हतं, दोनदा घाबरली, तिसऱ्यांदा इन्स्ट्रक्टर म्हणाला तिची उद्या सकाळची फ्लाइट आहे, कार्ड करून टाक. मी नाही म्हटलं, दुसऱ्याने केलं. मी तिथून सोडून आले आणि तक्रारही केली, तुमच्या क्वालिटीच्या माणसांनी चौकशी केली असेल नसेल, मला काही कळवलं नाही. ती मुलगी आज कुठेतरी १८ मीटरवर असेल आणि तिच्या जोडीदाराला वाटत असेल हिला सगळं येतं. तुम्ही कोट्यवधी सर्टिफिकेशन दिल्याचं अभिमानाने सांगता, एका माणसाने चार कोर्स केले तर ते चार धरले जातात, त्यातल्या किती जणांना खरंच मास्क काढता येतो ते तुम्ही कधी सांगत नाही.

जगभरातले जुने डायव्हर पॅडी या नावाची फोड "पुट अनदर डॉलर इन" अशी करतात, अजून एक डॉलर टाक. मला तो विनोद आवडत नाही, कारण मी ज्यांच्याकडे शिकले त्या इन्स्ट्रक्टरने मला पाच दिवसांच्या कोर्सला नऊ दिवस दिले आणि एक पैसा जास्त घेतला नाही. अशी माणसं तुमच्याकडे आहेत. पण त्यांच्याबद्दल कोणी विनोद करत नाही म्हणून ती कोणाला दिसतही नाहीत, आणि तुमच्या जाहिरातीत तर कधीच दिसत नाहीत, तिथे फक्त मांता रे मासे आणि निळं पाणी.

भाषेबद्दल. मला आजवर एकाही बोटीवर मराठीतला मेडिकल फॉर्म दिसलेला नाही. फॉर्म चांगला आहे, २०२० मध्ये सुधारून आलेला, पहिल्या पानावर दहाच प्रश्न, फुप्फुस, हृदय, कान, ऑपरेशन, चालू औषधं. माझ्या भावाने तो मराठीत वाचला असता तर पहिल्याच प्रश्नाला थांबला असता, एवढीच गोष्ट आहे. आणि नुसतं भाषांतर नको, इथली परिस्थिती घाला. तुमच्या पुस्तकात डायव्हिंगनंतर विमानात बसायला किती तास थांबायचं ते असतं, कारण उंचावर हवेचा दाब कमी असतो, एका डाइव्हनंतर १२, एकापेक्षा जास्त असतील तर १८. आमच्याकडे विमानाने कोण येतं, लोक गाडीने येतात आणि संध्याकाळी आंबोलीने किंवा गगनबावड्याने घाट चढून घरी जातात. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे आणि हा थांबायचा नियम ६०० मीटरच्या वर गेलं की लागू धरतात. ट्राय डाइव्ह करणाऱ्याला याचा फारसा प्रश्न नाही, पण जो दोन दिवस चांगला १५-१८ मीटर डाइव्ह करून लगेच कोल्हापूरला निघतो त्याला घाटाबद्दल कोणीतरी सांगायला नको का? मला हे कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं, मी नंतर स्वतः वाचून शोधलं.

बायकांबद्दल एक सांगते, जे पुरुष इन्स्ट्रक्टर सांगणार नाहीत. नवख्या माणसाला खाली नेताना टाकीला, दंडाला धरून नेतात, ते सुरक्षेसाठी गरजेचं आहे. पण आधी कोणी सांगत नाही की मी तुम्हाला कुठे धरणार, का धरणार, नको वाटलं तर हाताची खूण कुठली. कितीतरी जणी वर आल्यावर मला बाजूला घेऊन विचारतात, ताई सगळ्यांना असंच धरतात का? यातल्या कोणी रिव्ह्यू लिहीत नाहीत, घरी जाऊन बहिणीला सांगतात तू जाऊ नकोस. तुमच्याकडे महिलांसाठी खास दिवस असतात, गुलाबी फोटो असतात, त्यापेक्षा या दोन वाक्यांचा नियम केलात तर जास्त उपयोग होईल.

माशांना ब्रेड टाकून फोटो काढणं, तेही तुमचा लोगो लावून, याबद्दल जास्त लिहीत नाही. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तुमच्या प्रत्येक पानावर समुद्र वाचवा लिहिलेलं असतं, एवढं पुरे.

आता ज्या मुलांनी हे सगळं चालवलंय त्यांच्याबद्दल, कारण पत्र वाचून कोणी त्यांच्यावर धाड घाला म्हणेल आणि मला ते नकोय. दांडी, चिवला, देवबाग इथली ही मुलं समुद्रात वाढलीत. बाहेरून कार्ड घेऊन आलेल्या कित्येक इन्स्ट्रक्टरपेक्षा त्यांना प्रवाह जास्त कळतो, पाणी कधी गढूळ होणार, वारा कधी फिरणार हे ते सकाळी किनाऱ्यावर उभं राहून सांगतात. एकेकाला एकेक धरून नेतात, तेही चांगलंच आहे. त्यांना येत नाही ते म्हणजे तुमचा अभ्यासक्रम, कारण तो इंग्रजीत आहे आणि इन्स्ट्रक्टर होईपर्यंत खर्च लाखांत जातो, ज्या घरात बोटीच्या इंजिनाचं कर्ज फिटलेलं नाही तिथे हे पैसे कुठून येणार? तुम्ही त्यांना शिकवत नाही, आणि शिकले नाहीत म्हणून आमचे नाहीत म्हणता. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, खोल पूल आहे, म्हणजे शिकवायला जागाही आहे.

आणि किनाऱ्यावर काही झालं तर गिऱ्हाईक मेंबर आणि बिनमेंबर असा फरक करत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. त्यानंतरच्या सीझनला आम्हाला येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच होता. सगळ्या मालवणचं नाव खराब झालं, त्यात तुमचंही झालं, फक्त तुमच्या ऑफिसपर्यंत ते फोन पोचले नाहीत.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तुमचा लोगो कोण कोण लावतंय ते स्वतः येऊन बघा, सीझनमध्ये, आधी न सांगता. जो मेंबर नाही त्याचा बोर्ड काढायला लावा आणि ते जाहीर करा. मेंबर असलेल्या प्रत्येक सेंटरच्या दारावर तुमचाच क्यूआर कोड असू दे, स्कॅन केलं की ते सेंटर चालू मेंबर आहे का आणि आज पाण्यात नेणारा इन्स्ट्रक्टर कोण ते दिसेल. इन्स्ट्रक्टरचा नंबर टाकून बघायची सोय पॅडीच्या साइटवर आहेच, पण ती पर्यटकापर्यंत पोचत नाही.

मेडिकल फॉर्म, जबाबदारीचा फॉर्म आणि ट्राय डाइव्हची सगळी माहिती मराठीत, कोंकणीत, कानडीत द्या, फुकट द्या, आणि बोटीवर चढायच्या आधी किनाऱ्यावर वाचून दाखवणं बंधनकारक करा. "आम्ही यांच्या कामाला जबाबदार नाही" हे वाक्य जर खरंच तुमचं म्हणणं असेल तर ते लोगोच्या शेजारी छापा. छापायला लाज वाटत असेल तर ते वाक्य बदला आणि जबाबदारी घ्या.

ट्राय डाइव्हनंतर दिल्या जाणाऱ्या कागदावर "हे सर्टिफिकेशन नाही" असं मोठ्या अक्षरात असलं पाहिजे. फाइव्ह स्टार, डायमंड याचा अर्थ काय ते दारावर लिहा.

तक्रारीसाठी भारतातला एक फोन नंबर द्या जो माणूस उचलेल, तक्रारीचा निकाल तक्रार करणाऱ्याला लेखी कळवा, आणि दरवर्षी भारतात किती तक्रारी आल्या, किती मेंबरांवर काय कारवाई झाली ते जाहीर करा. नावं नको असतील तर आकडे तरी द्या.

आणि इथल्या मुलांसाठी मराठीत, परवडेल अशा फीमध्ये, पावसाळ्यात जेव्हा किनारा बंद असतो आणि सगळी मोकळी असतात तेव्हा कोर्स घ्या. सुरुवातीला वीस जणांचा घ्या. मी बसून भाषांतराला मदत करेन, त्याचे पैसे नकोत.

तशी सुरुवात मी केलीय. भावाचं झाल्यावर मी मेडिकल फॉर्मचे ते दहा प्रश्न आपल्या साध्या मराठीत लिहिले, लॅमिनेट केले आणि आमच्या बोटीवर चढायच्या जागी लावले, प्रत्येकाला उभं करून वाचून दाखवते. जानेवारी ते मे एवढ्यात सात जणांनी ते ऐकून स्वतःहून सांगितलं, ताई मग मी वरच थांबतो. त्यात एक पन्नाशीचे गृहस्थ होते ज्यांची अँजिओप्लास्टी होऊन चार महिनेही झाले नव्हते, बायकोने त्यांचा हात धरला आणि बोट परत येईपर्यंत सोडला नाही. तो कागद अधिकृत नाही, त्यावर तुमचा लोगो नाही आणि माझ्याकडे तुमची परवानगीही नाही. ती मला द्या, किंवा तुमचा स्वतःचा पाठवा.

सप्टेंबरात किनारा पुन्हा उघडेल. त्याआधी या पत्राचं उत्तर हवंय, आणि शक्य झालं तर मराठीत, म्हणजे आईला वाचून दाखवता येईल.

आपली,
एक डाइव्हमास्टर
दांडी, मालवण